वडाच्या शेंड्यावरचा हरियल

महाराष्ट्राचा राज्यपक्षी भुसावळात राहतो, हे भुसावळकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा, राज्यपक्षी हरियल ही यादी शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. शेकरू बघायला भीमाशंकर गाठावं लागतं. हरियल मात्र घरामागच्या पिंपळावर, बसथांब्याजवळच्या वडावर किंवा शेतातल्या विहिरीवरच्या उंबरावर आत्ता या क्षणी बसलेला असू शकतो, आणि त्याच्याखालून रोज जाणाऱ्या माणसाने तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो.

तसा तो लहान नाही. आपल्या ओळखीच्या पारव्याएवढाच, सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचा. डोकं राखाडी, मान आणि छाती हळदुली पिवळी, पाठ हिरवट, पंखांच्या काळसर कडेवर पिवळी रेघ आणि खांद्यावर जांभळट रंगाचा एक छोटा डाग. दुर्बिणीतून पाहिलं तर डोळाही नवलाचा: आत निळं कडं, त्याबाहेर गुलाबी कडं. पाय पिवळेधमक. त्याच्या बहुतेक भाऊबंदांचे पाय लाल असतात, म्हणून या पिवळ्या पायांवरून तो चटकन वेगळा काढता येतो. गंगेच्या खोऱ्यातल्या हरियलाचं पोट करडं असतं, आपल्या दख्खनच्या बाजूच्या हरियलाचं छातीपासून खालपर्यंत पिवळं. पक्षिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ साली हा दक्षिणेकडचा प्रकार वेगळा नोंदवला. मराठीत त्याला हरोळीही म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी नुसतंच हिरवं कबूतर.

एवढा रंगीत पक्षी दिसत का नाही? कारण तो शेंडा सोडत नाही आणि धोका वाटला की हलत नाही. फळांनी लगडलेल्या वडावर तीस-चाळीस हरियलांचा थवा चरत असतो. पोपटासारखे फांदीवरून फांदीवर सरकतात, फळ दूर असेल तर उलटे लटकतात, मान ताणून तोडतात आणि अख्खं फळ गिळतात. खाली पालापाचोळ्यावर निसटलेल्या फळांचा टपटप पाऊस चाललेला असतो. तुम्ही झाडाखाली जाऊन मान वर केली की तो पाऊस एकदम थांबतो. थवा उडालेला नसतो, जागच्या जागी थिजलेला असतो. पानांचा हिरवा, पिकल्या पानांचा पिवळा आणि सावलीचा राखाडी, असे तिन्ही रंग त्याच्या अंगावर असल्याने तीस पक्षी डोळ्यांसमोर असूनही एकही सापडत नाही. अशा वेळी तिथून हलू नये. दहा मिनिटांनी एखादं फळ पडतं, मग दुसरं. फळ जिथून पडलं तिथे नजर न्यावी. एक पक्षी सापडला की बाकीचे आपोआप दिसू लागतात. आणि मग कुणी टाळी वाजवली तर सगळा थवा पंखांचा मोठा फडफडाट करत बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी सोपी वेळ म्हणजे माघ-फाल्गुनातली सकाळ. तेव्हा पिंपळ पानं टाकतो. रात्रीचा गारवा अंगात असतो, आणि हरियल ऊन खायला सर्वांत उंच निष्पर्ण फांदीवर उगवतीकडे छाती करून ओळीने बसतात. पहिलं ऊन त्या पिवळ्या छातीवर पडलं की रस्त्यावरूनही दिसतात. आवाजही ओळखून ठेवावा. पारवा घुमतो, होला घू-घू करतो. हरियल घुमत नाही, शीळ घालतो. गोड, चढ-उताराची, माणसाने वाजवावी तशी शीळ. ती कबुतराची आहे हे पहिल्यांदा कुणाला पटत नाही.

पक्ष्यांची पुस्तकं अशा पक्ष्याला छत्रवासी फळभक्षी म्हणतात. उष्ण कटिबंधातल्या घनदाट जंगलात झाडांच्या माथ्यांचं एक सलग छत तयार होतं, आणि फुलं, फळं, त्यांवर जगणारे प्राणी यांचा मोठा संसार त्या छतावरच चालतो. दक्षिण अमेरिकेत तिथे टूकन असतात, न्यू गिनीत फळकबुतरं, आपल्या सह्याद्रीत धनेश. हरियलाच्या हिरव्या कुळात जगात तीसेक जाती आहेत आणि त्या आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंत पसरल्या आहेत. पण खानदेशात सलग छत आहे कुठे? सातपुड्यात, यावल अभयारण्यात, पालच्या आसपास सुकी आणि अनेरच्या खोऱ्यांत जंगल आहे, पण ते पानगळीचं. साग, सालई, धावडा, अंजन यांतली बहुतेक झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात. आणि तापीच्या काळ्या सपाट मातीत तर मैलोन्‌मैल केळी, कापूस आणि ज्वारी.

हरियलाने यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. त्याचं छत तुकड्यातुकड्यांचं आहे. गावाच्या वेशीवरचा वड, पारावरचा पिंपळ, नाल्यातला उंबर, रेल्वेच्या वसाहतीतली जुनी झाडं, चांगदेवला जिथे पूर्णा तापीला मिळते तिथला काठ. हे तुकडे एकमेकांपासून कोस-दोन कोसांवर असतात, आणि हरियल आपल्या जोरकस उड्डाणाने ते जोडतो. आपल्याला शेतं आणि मधेमधे झाडं दिसतात. त्याला वरून एक विरळ जंगल दिसत असावं. हतनूरच्या जलाशयावर दर हिवाळ्यात बदकं पाहायला दूरदूरचे पक्षीमित्र येतात, आणि वाटेतल्या ज्या वडाखाली गाडी थांबवून चहा पितात त्याच्या शेंड्यावर हरियल असतात.

आता प्रश्न उरतो तो वर्षभराच्या जेवणाचा. फळावर जगणाऱ्याला बाराही महिने फळ लागतं. पौष-माघात बोरं असतात, उन्हाळ्यात सातपुड्यात चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची फळं, ज्येष्ठ-आषाढात जांभळं. पण ही सगळी पाहुणी फळं. महिना-दीड महिना येतात आणि जातात. मधले महिने भरून काढतात ती वड, पिंपळ, उंबर, पायर ही एकाच घराण्यातली झाडं. त्यांची फळं सगळ्या ऋतूंत कुठे ना कुठे पिकतात. यामागे एका मुंगीहून लहान किड्याची कहाणी आहे, आणि ती कळल्याशिवाय हरियल कळत नाही.

उंबराला फुलं येत नाहीत असं आपण म्हणतो. येतात, पण आत. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर फुलांनी भरलेली बंद कुपी असते. शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला लागलेली, आणि टोकाशी एक अगदी अरुंद भोक. त्या भोकातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. वडाची वेगळी, उंबराची वेगळी, पिंपळाची वेगळी. वडाच्या गांधीलमाशीचं शास्त्रीय नाव युप्रिस्टिना मासोनी, उंबराच्या गांधीलमाशीचं सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आत शिरताना तिचे पंख बहुधा मोडून पडतात. परतीचा रस्ता तिला नसतोच. आपल्या जन्मझाडावरून आणलेले पराग ती या फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडली त्यांत तिची पिल्लं वाढतात, बाकीच्यांत बी धरतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, कुपीच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि संपतात. माद्या अंगावर नवे पराग घेऊन त्या बोगद्यातून उडून जातात. त्यानंतर फळ मऊ होतं, रंगतं, गोड होतं. उंबर फोडलं की केंबरं उडतात ती यातलीच.

बाहेर पडलेल्या मादीकडे वेळ अगदी थोडा असतो, एक-दोन दिवस. एका झाडावरची सगळी कुपी-फळं साधारण एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे आपल्याच झाडावर तिला अंडी घालण्याजोगं फळ बहुधा मिळत नाही. तेवढ्या वेळात तिला त्याच जातीचं दुसरं झाड, तेही नेमक्या कोवळ्या अवस्थेतलं, गाठावं लागतं. म्हणूनच या जातीची सगळी झाडं एकाच मोसमात फळली तर किडाच नामशेष होईल, आणि किडा गेला तर झाडाला बी धरणार नाही. पुढेमागे फळणारी झाडं टिकली, त्यातून परिसरात बारमाही फळ आलं. तुमच्या दारचा वड आज लाल फळांनी भरलेला असेल, तर शेजारच्या गावचा वड नुसता हिरवा असेल. हरियलाच्या भटकंतीचं वेळापत्रक या चिलटाएवढ्या किड्याने ठरवलेलं आहे.

हा किडा किती लांब जाऊ शकतो याचा शोध नामिबियात लागला. तिथल्या वाळवंटातून वाहणाऱ्या उगाब नदीच्या काठाने उंबराच्याच जातकुळीची झाडं एकमेकांपासून फार दूर विखुरलेली आहेत. संशोधकांनी झाडांच्या आनुवंशिक खुणा तपासून किड्यांचा प्रवास मोजला आणि २००९ साली प्रसिद्ध केला. वाऱ्यावर स्वार होऊन हे किडे १६० किलोमीटरपर्यंत गेले होते. तापीच्या काठाकडे पाहताना ही गोष्ट माझ्या डोक्यात असते. झाडं विरळ झाली तरी लगेच सगळं संपत नाही, वारा थोडी साथ देतो. पण कोवळ्या अवस्थेतलं झाड वाटेत कुठेतरी हवंच.

वडा-पिंपळाची फळं चवीला काही फार नाहीत. माणसं दुष्काळ सोडला तर ती खात नाहीत. पण पक्ष्याच्या दृष्टीने ती मोठी पौष्टिक. १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या खंडांतल्या रानफळांची तुलना होती, आणि या कुळातल्या फळांत इतर फळांच्या तिप्पट चुना, म्हणजे कॅल्शियम, आढळला. अंड्याचं कवच बनवणाऱ्या मादीला याहून वेगळं काय हवं?

प्रथिनांचं काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. फळात साखर आणि पाणी भरपूर, प्रथिनं कमी. बरेच फळखाऊ पक्षी पिल्लांसाठी अळ्या आणि किडे आणतात. हरियल कबुतराच्या जातीचा, म्हणून त्याच्याकडे दुसरी सोय आहे. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत, पिल्लं जन्मायच्या सुमारास, दह्याच्या कवडीसारखा प्रथिनं आणि स्निग्धांश असलेला स्राव तयार होतो, आणि पिल्लांना सुरुवातीला तोच भरवला जातो. त्यासाठी लागणारी प्रथिनं आईबापांना कुठून मिळतात? बियांतून. हरियलाची पेषणी जाड स्नायूंची असते, आत वाळूचे खडे असतात, आणि गिळलेल्या फळांतलं मोहरीहून लहान बी त्यात भरडलं जातं. १९८९ साली फ्रँक लॅम्बर्ट यांनी मलेशियातल्या जंगलातल्या कबुतरांचा अभ्यास मांडला. त्यात हिरव्या कबुतरांच्या पोटातून या कुळातलं बहुतेक बी भरडूनच निघतं असं दिसलं.

म्हणजे वडाचं फळ खाऊन वडाचं बी दूरवर पेरणारा पक्षी अशी जी प्रतिमा आपण सरसकट सगळ्या फळखाऊ पक्ष्यांना चिकटवतो, ती हरियलाला लागू पडत नाही. तो बी फस्त करतो. मला यात त्याचा कमीपणा वाटत नाही. पण हे नीट कळलं पाहिजे, कारण त्यातून पुढची गोष्ट निघते. जुन्या पुलाच्या दगडांत, पडक्या वाड्याच्या भिंतीत, ताडाच्या बेचक्यात उगवलेला पिंपळ पेरणारे वेगळे आहेत: कोकीळ, बुलबुल, मैना, भर दुपारी टुक-टुक करणारा तांबट, रात्रीची वटवाघळं. आणि या सगळ्यांत थोरला राखी धनेश.

धनेश खानदेशात आजही आहे, सातपुड्यातही आणि मोठी झाडं असलेल्या गावांतही. त्याला पोकळ ढोलीचं झाड लागतं. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, आणि नुसती चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत बसून ती अंडी उबवते, त्याच काळात जुने पंख टाकून नवे धारण करते. नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना फळं भरवतो. गळ्यात साठवून आणलेलं एकेक फळ वर काढतो आणि चोचीच्या टोकाने आत देतो. मोठ्या बिया तो ओकून टाकतो, बारीक बिया विष्ठेतून सुखरूप पडतात. हरियल ज्या वडावर जेवतो तो वड असाच कुणीतरी लावलेला असतो. म्हणून हरियल जगवायचा तर त्याच्याबरोबर तांबट, धनेश आणि वटवाघूळही जगवावं लागतं.

हरियल जमिनीला पाय लावत नाही, उतरावंच लागलं तर पायात काडी धरून उतरतो, अशी समजूत उत्तर भारतभर आहे. सूरदासांनी गोपींच्या कृष्णभक्तीला याच पक्ष्याच्या काडीची उपमा दिली आहे. समजुतीत निरीक्षण आहे: रसाळ फळांतून पाणी मिळत असल्याने त्याला पाणवठ्यावर यायची गरज फार क्वचित पडते. पण पेषणीतले खडे आकाशातून येत नाहीत. हरियल अधूनमधून उतरतो, पाणी पितो, खारट माती शोधतो. मिठाची ही ओढ त्याच्या कुळात जोराची आहे. जपानमध्ये कानागावा प्रांतात ओइसो गावी समुद्राच्या खडकांवर हिरव्या कबुतरांचे थवे उन्हाळ्यात लाटांच्या माऱ्यात उतरून खारं पाणी पितात. फळांत सोडियम फार कमी असतं, ते तिथून मिळवत असावेत.

वीण मार्च ते जूनची. भुसावळचा वैशाख म्हणजे ४५ अंशांच्या वरचा पारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके बांधतात, तेव्हा त्याच झाडांच्या वरच्या फांद्यांत हरियलाचं घरटं असू शकतं. घरटं म्हणजे दहा-वीस काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या. खालून पाहिलं तर आतली दोन पांढरी अंडी काड्यांमधून दिसावीत इतकं विरळ. सुगरणीच्या खोप्याचं कौतुक करणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाईंच्या मुलखात हे घरटं अगदीच गबाळं वाटेल. पण दोघे आळीपाळीने बसतात, दोनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. कावळा, टकाचोर आणि वळवाचं वादळ यांतून सुटतील ती जगतात.

एकेकाळी बंदूक हा त्याचा मोठा शत्रू होता. फळलेल्या वडाखाली उभं राहिलं की थवे पुन्हा पुन्हा त्याच झाडावर येतात, आणि मांस चवदार. त्यामुळे इंग्रज साहेबांच्या शिकारीच्या पुस्तकांत हिरव्या कबुतराला मानाचं पान असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता त्याच्या शिकारीला बंदी आहे. चोरून होते तिथे ती गुन्हा आहे आणि तशी तक्रार वनखात्याकडे करता येते.

आज झाडं जाणं हे जास्त मोठं संकट आहे. जळगाव-भुसावळ-मुक्ताईनगर महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा कडेची जुनी सावली गेली. बांधावरचा उंबर केळीवर सावली करतो म्हणून तोडला जातो, नळ आणि बोअर आल्यावर विहिरीवरचं झाड निराधार होतं. वड, पिंपळ, उंबर यांना आपण देव मानतो म्हणून तरी ते इतके वाचले, आणि या श्रद्धेचे हरियलावर उपकार आहेत. म्हणूनच वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे भारे पाहून जीव तुटतो. ज्येष्ठात त्याच फांद्यांवर घरटी असतात. पूजा वडाखाली जाऊन करावी, आणि गावात वड नसेल तर लावावा.

लावणं अवघड नाही. वड आणि उंबर फांदीवरून जगतात. जुन्या माणसांची रीत अशी: पहिला पाऊस जमिनीत मुरला की निरोगी झाडाची मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी घ्यायची, वरच्या कापाला शेण-माती लिंपायची आणि हात-दीड हात खोल रोवायची. पालवी उंचावर फुटते म्हणून शेळ्यांच्या तोंडी लागत नाही. खानदेशात पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागतं. ते चुकलं तर फांदी वाळते. एक पथ्य मात्र पाळावं. सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या घेऊ नयेत, कारण एका झाडाच्या फांद्यांचा फळण्याचा काळही जुळण्याची शक्यता असते. एक साकेगावच्या बाजूची, एक वरणगावची, एक तापीपलीकडची अशा आणाव्यात. झाडं पुढेमागे फळली तर किड्याला पुढचं घर मिळतं, आणि हरियलाला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना तालुका सोडावा लागत नाही.